एवढ्याशा दृष्टिपटलावर आयुष्यभर काय शोधायचे?

प्रश्न भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिला दृष्टिविज्ञानात संशोधन करायचे आहे आणि तिचा ओढा दृष्टिपटलाकडे, म्हणजे रेटिनाकडे आहे. पण तिला सल्ला मिळतो तो असा की रेटिनाचे बहुतेक सगळे कळून चुकले आहे, काम करायचे तर आता थेट मेंदूवर करावे. म्हणून ती विचारते: पाव मिलिमीटर जाडीच्या या पडद्यावर उभी हयात घालवण्याइतके काही शिल्लक आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करावी?

शिल्लक आहे, भरपूर आहे. माझे स्वतःचे काम दृष्टिपटलातून निघणारे विद्युत-संदेश मोजण्याचे आहे, तरी उत्तर मी होरेस बार्लो यांच्या कामावरून देते. 1921 साली जन्मलेले हे केंब्रिजचे शास्त्रज्ञ 2020 साली वारले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नाकडे परत येत राहिले: डोळ्यात शिरलेल्या प्रकाशातून प्राण्याला जेवढे कळते, तेवढेच का कळते, त्याहून जास्त का नाही? ही मर्यादा कुठे ठरते? या क्षेत्रात येणाऱ्याने आणखी कोणाच्या कामाचा अभ्यास केला नाही तरी यांच्या कामाचा करावा, असे माझे मत आहे.

आधी त्या सल्ल्याबद्दल. दृष्टिपटल हा मेंदूच आहे. गर्भात अग्रमस्तिष्काचा एक फुगवटा पुढे येतो आणि त्यातून तो बनतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे 12 कोटी दंडाकार पेशी (मंद उजेडासाठी) आणि 60 लाख शंक्वाकार पेशी (भरपूर उजेड आणि रंगांसाठी) असतात. त्यांच्यामागे बायपोलर, हॉरिझॉन्टल, अमाक्राइन अशा पेशींचे थर असतात. शेवटी गँग्लियन पेशी येतात, आणि त्यांचे तंतू एकत्र होऊन दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, बनते. हे तंतू एका डोळ्यामागे फक्त 10 ते 12 लाख. साडेबारा कोटी पेशींनी टिपलेले बारा लाख तंतूंमधून पाठवायचे, तर काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय याच पाव मिलिमीटरात होतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून मोठी गोष्ट अशी की इथे आत काय जाते ते तुम्ही स्वतः ठरवता, तेही थेट फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, संख्येत, आणि बाहेर काय येते ते एकेका स्पाइकपर्यंत, म्हणजे पेशीच्या एकेका विद्युत-ठोक्यापर्यंत, मोजता येते. मेंदूच्या आणखी आतल्या कुठल्याही भागात ही सोय इतक्या स्वच्छपणे मिळत नाही. तिथे पोचणारा संदेश आधीच अनेक हातांतून गेलेला असतो.

बार्लो चार्ल्स डार्विनचे पणतू. आई नोरा बार्लो याही अभ्यासू, डार्विनच्या लेखनाचे त्यांनी संपादन केले. होरेस यांनी केंब्रिजमध्ये आणि पुढे हार्वर्डमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि मग लॉर्ड एड्रियन यांच्या हाताखाली संशोधनाला लागले. एड्रियन म्हणजे एकेका चेतातंतूतले स्पाइक पहिल्यांदा नीट मोजणारे नोबेल विजेते. बार्लो यांचे सुरुवातीचे काम डोळ्याच्या सूक्ष्म हालचालींचे होते. एका जागी टक लावून पाहताना डोळा खरोखर स्थिर असतो का हे बघण्यासाठी त्यांनी पाऱ्याचा बारीक थेंब कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, ठेवून त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची छायाचित्रे घेतली. असला प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, करूही नये. पण त्यातून त्यांचा स्वभाव दिसतो: तर्क करत बसण्याआधी मोजून पाहायचे.

आता ज्या कामासाठी हे सगळे सांगते आहे त्याकडे येते.

1942 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेक्ट, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस गडद अंधारात अर्ध्या तासाहून जास्त बसतो. मग त्याच्या नजरेच्या थोड्या बाजूला, जिथे दंडाकार पेशी दाट असतात तिथे, एक हजारांश सेकंदाची हिरवट झलक दाखवतात. तो फक्त ‘दिसली’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो. झलक मंद करत नेली तर ती जेमतेम दिसण्यासाठी कॉर्नियापर्यंत किती फोटॉन यावे लागतात? उत्तर आले 54 ते 148. त्यातले काही कॉर्नियावरूनच परततात, सुमारे निम्मे डोळ्यातल्या द्रव्यांत शोषले जातात, आणि उरलेल्यांपैकीही बरेचसे पेशींना न धडकता निघून जातात. हिशेब केल्यावर दंडाकार पेशींनी खरोखर टिपलेले फोटॉन निघाले 5 ते 14. ही झलक सुमारे 500 पेशींवर पसरलेली होती. म्हणजे एकाच पेशीवर दोन फोटॉन पडण्याची शक्यता नगण्य. याचा अर्थ एका दंडाकार पेशीला एक फोटॉन पुरतो.

हा निष्कर्ष काढताना कोणीही एकाही पेशीला हात लावलेला नव्हता. माणसांची ‘हो’ आणि ‘नाही’ ही उत्तरे, प्रकाश मोजायची चोख सोय आणि प्वासाँचे संभाव्यता-वितरण (विरळ, यादृच्छिक घटना किती वेळा घडतील हे सांगणारे गणित), एवढ्यावर ते रेणूच्या पातळीपर्यंत पोचले. तुम्ही भौतिकशास्त्राच्या आहात म्हणून हे मुद्दाम सांगते. तुमच्याकडे असलेली हत्यारे या क्षेत्रात अशी चालतात.

बार्लो यांनी 1956 साली यावर उलट प्रश्न टाकला. पेशीला एक फोटॉन पुरतो, तर माणसाला पाच का लागतात? त्यांचे उत्तर असे: अंधारातही दंडाकार पेशी गप्प नसतात. त्यांतले ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याचे रेणू उष्णतेने अधूनमधून आपोआप उलटतात, म्हणजे आकार बदलतात, आणि फोटॉन आल्यासारखाच संदेश पाठवतात. पुढे मेंदूला खरा संदेश आणि हा खोटा संदेश यांत फरक करता येत नाही. एकाच संदेशावर ‘दिसले’ म्हणायचे ठरवले तर माणूस अंधारात सारखा नसलेल्या झलका पाहत बसेल. म्हणून उंबरठा वर ठेवावा लागतो. तो किती वर ठेवायचा हे पार्श्वभूमीवरचा गोंगाट किती आहे आणि चुकून ‘दिसले’ म्हणण्याची किंमत किती आहे यावर ठरते. बार्लो यांचे म्हणणे होते की ‘शक्यता वाटते’ असे उत्तर चालवून घेतले तर उंबरठा खाली येतो आणि खोटे होकार वाढतात. प्रयोगांत तसेच दिसते.

लक्षात घ्या, 1956 साली दंडाकार पेशीतला हा आपोआप होणारा संदेश कोणी पाहिलेला नव्हता. तो पाहायला मिळाला दोन दशकांनी. स्टॅनफर्डमध्ये डेनिस बेलर, ट्रेव्हर लँब आणि किंग-वाई याउ यांनी बेडकाच्या जातीतल्या टोडच्या एकेका दंडाकार पेशीचे टोक काचेच्या बारीक नळीत ओढून घेतले आणि त्यातला विद्युतप्रवाह मोजला. 1979 सालच्या त्यांच्या नोंदींत एकेका फोटॉनची उसळी वेगळी दिसते. पाठोपाठच्या नोंदींत पूर्ण अंधारातही हुबेहूब तशाच उसळ्या दिसल्या. 1984 साली माकडाच्या पेशींवर तेच मोजमाप झाले: एका पेशीत साधारण 160 सेकंदांतून एकदा.

पुढचा गुणाकार प्रत्येक विद्यार्थ्याने कागद घेऊन स्वतः करावा असा माझा आग्रह असतो. एका दंडाकार पेशीत ऱ्होडॉप्सिनचे सुमारे 10 कोटी रेणू असतात. सगळे मिळून 160 सेकंदांत एकदा चुकतात. म्हणजे एका रेणूला आपोआप चुकायला सरासरी पाचशे वर्षे लागतात. तोच रेणू फोटॉन पडला की सेकंदाच्या अत्यल्प अंशात उलटतो. इतका स्थिर आणि इतका तत्पर रेणू उत्क्रांतीने कसा घडवला, या एका प्रश्नावर रसायनशास्त्राच्या कितीतरी प्रयोगशाळा आजही चालतात. आता दुसऱ्या टोकाने मोजा. 12 कोटी पेशी, प्रत्येकीत 160 सेकंदांनी एक चूक. म्हणजे एका डोळ्यात दर सेकंदाला साडेसात लाख खोटे संदेश. तरी काळोख्या खोलीत आपल्याला ठिणग्यांचा पाऊस दिसत नाही. हे कसे साधते, हा दृष्टिपटलाच्या जोडणीचा प्रश्न आहे. शेजारच्या अनेक पेशींकडून, एका ठरावीक थोड्या वेळात, पुरेसे संदेश जुळून आले तरच पुढे ‘दिसले’ ठरते. शिवाय या खोट्या उसळ्यांखेरीज पेशीत सतत चालणारी बारीक खळबळ असते. ती दंडाकार पेशी आणि बायपोलर पेशी यांच्या सांध्यावरच कापली जाते. 2002 साली ग्रेग फील्ड आणि फ्रेड रीके यांनी उंदराच्या दृष्टिपटलात दाखवले की या सांध्यावर लहान संदेश टाकून दिले जातात, आणि त्यात खऱ्या फोटॉनांचे बरेच संदेशही जातात. खरे काही गमावून खोटे बरेच टाळायचे, असा हा सौदा आहे. फोटॉन इतके विरळ असताना तो फायद्याचाच ठरतो, हे गणिताने सिद्ध करता येते.

मधल्या काळात, 1971 साली, बार्लो यांनी विल्यम लेव्हिक आणि यून यांच्याबरोबर मांजराच्या गँग्लियन पेशींवर मोजले की डोळ्यात टिपलेल्या एका फोटॉनमागे तिथे दोन-तीन स्पाइक जास्त उमटतात. एक फोटॉन म्हणजे प्रकाशाची शक्य तितकी लहान मात्रा, आणि तिची बातमी दृष्टिचेतेपर्यंत पोचते आहे. ती माणसाच्या जाणिवेपर्यंत पोचते का? 2016 साली व्हिएन्नात एकेक फोटॉन तयार करणाऱ्या उपकरणाने तिघांवर मिळून 30 हजारांहून अधिक वेळा ही चाचणी झाली. बरोबर उत्तरांचे प्रमाण निव्वळ अंदाजाच्या 50 टक्क्यांपेक्षा किंचितच वर होते, पण वर होते. 1942 ते 2016. एकच प्रश्न, आणि दर पिढीला त्याचे पुढचे पान.

माझ्या मते बार्लो यांचे सगळ्यात मोठे योगदान एखाद्या शोधापेक्षा या पद्धतीत आहे. पेशी आणि माणूस दोघांना त्यांनी एकाच मापाने मोजले. पेशी किती फोटॉन ओळखते, माणूस किती ओळखतो, आणि हातात असलेल्या प्रकाशातून गणिताने जास्तीत जास्त किती ओळखता येणे शक्य आहे. या तीन आकड्यांत जिथे फट दिसते तिथे संशोधनाचा विषय असतो. पुढे 1978-79 मध्ये त्यांनी हेच माप ठिपक्यांच्या चित्रांना लावले. ठिपक्यांची दाटी कुठे बदलली हे ओळखताना माणूस उपलब्ध माहितीपैकी साधारण निम्मी वापरतो, आरशातल्यासारखी सममिती ओळखताना साधारण पाव. मला ही टक्केवारी फार आवडते. ‘माणसाची नजर तीक्ष्ण असते’ या मोघम वाक्याच्या जागी ती एक आकडा ठेवते, आणि तो आकडा सुधारता येतो, खोडूनही काढता येतो.

बेडूक आणि सशाच्या कामाबद्दल थोडक्यात. 1953 साली बार्लो यांनी बेडकाच्या गँग्लियन पेशींत पाहिले की पेशीच्या आपल्या टापूत प्रकाशाचा ठिपका हलला की ती जोरात बोलते, पण तोच प्रकाश भोवतालीही पसरला तर ती दबते. त्याच वर्षी स्टीफन कफलर यांनी मांजरात मध्य आणि परिघ यांचा हाच विरोध मांडला. बार्लो यांनी एक पाऊल पुढे टाकले. ज्या आकाराला ही पेशी सर्वाधिक प्रतिसाद देते तो आकार जिभेच्या टप्प्यातल्या माशीएवढा आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे भक्ष्य ओळखण्याचे काम डोळ्यातच सुरू झालेले असते. पेशीचे वर्णन करताना ‘ती प्राण्याच्या कोणत्या उपयोगाची’ हा प्रश्न सोबत विचारायचा, ही सवय या कामापासून आमच्या क्षेत्राला लागली.

1965 साली कॅलिफोर्नियात बर्कलीला असताना लेव्हिक यांच्याबरोबर त्यांनी सशाच्या दृष्टिपटलातल्या दिशा ओळखणाऱ्या पेशींची यंत्रणा मांडली. या पेशी वस्तू एका दिशेने गेली तर बोलतात, उलट दिशेने गेली तर गप्प राहतात. त्यांचे स्पष्टीकरण असे की नकोशा दिशेने येताना, वस्तू पोचण्याआधीच, त्या बाजूकडून रोखणारा संदेश येतो. हा रोखणारा संदेश नेमका कोण पाठवते हे कळायला जवळपास चार दशके गेली. तो स्टारबर्स्ट अमाक्राइन या पेशीचा निघाला. 2002 साली थॉमस ऑयलर, पीटर डेटवायलर आणि विनफ्रीड डेंक यांनी दाखवले की या पेशीची एकेक फांदीसुद्धा दिशा ओळखते. 2011 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दृष्टिपटलाचे पातळ काप घेऊन जोडण्या एकेक करून तपासल्या, तेव्हा त्या फांद्या नेमक्या योग्य बाजूच्याच पेशींना जास्त जोडलेल्या आढळल्या.

हे सशापुरते राहिले नाही. काही मुलांचे डोळे जन्मापासून आडवे थरथरत असतात. नेत्ररोगतज्ज्ञ त्याला निस्टॅग्मस म्हणतात. त्याच्या एका आनुवंशिक प्रकारात एफआरएमडी7 या जनुकात दोष असतो. 2016 साली बोटोंड रोस्का यांच्या गटाने, केइसुके योनेहारा यांच्या पुढाकाराने, दाखवले की हाच दोष असलेल्या उंदरांच्या दृष्टिपटलातून आडव्या दिशेची ओळख जाते, आणि स्टारबर्स्ट पेशींकडून येणाऱ्या रोखण्याचा असमतोल नाहीसा होतो. मुलाच्या डोळ्याच्या थरथरीचे मूळ शोधताना सगळे बघत होते डोळा हलवणाऱ्या मेंदूच्या भागांकडे. सशाच्या पेशीवर 1965 साली मांडलेली यंत्रणा ठाऊक नसती तर दृष्टिपटलाकडे कोणी वळून पाहिले असते असे मला वाटत नाही.

‘रेटिनाचे सगळे कळले आहे’ याला आणखी एक उत्तर. दीडशे वर्षे सर्वांना खात्री होती की सस्तन प्राण्यांच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. 1998 साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेतल्या पेशींत मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य सापडले. 2002 साली ब्राउन विद्यापीठात डेव्हिड बर्सन यांनी दाखवले की दृष्टिपटलातल्या काही गँग्लियन पेशी स्वतःच प्रकाश टिपतात. आपले दिवस-रात्रीचे घड्याळ आणि बाहुलीचे आकुंचन यांवर त्यांचा मोठा ताबा असतो. शरीरातल्या कदाचित सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या पडद्यात एकविसाव्या शतकात नवी प्रकाशग्राही पेशी सापडली. उंदराच्या गँग्लियन पेशींचे प्रकार मोजता मोजता आता चाळिशीच्या पुढे गेले आहेत, आणि त्यांतले बरेच प्रकार प्राण्याच्या नेमक्या कोणत्या कामी येतात हे ठरायचे आहे.

बार्लो यांची आणखी एक कल्पना सांगायलाच हवी, कारण तिचे आजचे वजन फार आहे. तारेत शब्दाला पैसे पडत, तेव्हा लोक समोरच्याला जे आधीच ठाऊक आहे ते गाळून उरलेले तेवढे लिहीत. 1961 साली बार्लो यांनी मांडले की ज्ञानेंद्रियेही असेच करतात. आजूबाजूच्या दृश्यात शेजारचे बिंदू बहुतेक सारखेच असतात, मग तेच तेच पाठवण्यात चेतापेशींची ऊर्जा का घालवावी? मध्याला उचलून धरायचे आणि परिघाला दाबायचे ही दृष्टिपटलाची रीत म्हणजे शेजाऱ्यावरून अंदाज करायचा आणि अंदाजापेक्षा जे वेगळे निघेल तेवढेच पुढे पाठवायचे. 1982 साली कॅनबेरात मंड्यम श्रीनिवासन, सायमन लाफलिन आणि आंद्रेआस डब्स यांनी या रीतीला नेमके गणिती रूप दिले. श्रीनिवासन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले, पुढे मधमाश्यांच्या दृष्टीचे जगप्रसिद्ध अभ्यासक झाले. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्रातून इकडे येणाऱ्यांना मी त्यांचे काम आवर्जून वाचायला सांगते.

पण या कल्पनेबाबत बार्लो तिथेच थांबले नाहीत. दृष्टिचेतेत दहा-बारा लाख तंतू, आणि ते संदेश पोचतात त्या मेंदूच्या पहिल्या दृष्टिकेंद्रात पेशी मात्र शंभरपटीहून अधिक. पुनरुक्ती गाळणे हेच एकमेव उद्दिष्ट असते तर पेशी इतक्या वाढवायचे कारण नव्हते. 2001 साली, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी स्वतःच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या मांडणीवर छापील पुनर्विचार केला. पुनरुक्ती हे जगाच्या नियमितपणाचे ज्ञान आहे, मेंदूला ते टाकायचे नसून वापरायचे असते, असे त्यांनी लिहिले. 2021 साली संगणकाला लेबलांशिवाय चित्रे शिकवण्याची एक पद्धत निघाली. तिचे नाव बार्लो ट्विन्स. पुनरुक्ती कमी करण्याचे त्यांचेच तत्त्व त्यात वापरले आहे.

रुग्णांपर्यंत हे सगळे पोचते का, असे घरचे लोक विचारतील. विचारावेच. 2017 च्या डिसेंबरात अमेरिकेत आरपीई65 या जनुकाच्या दोषाने येणाऱ्या अंधत्वावर जनुकोपचाराला परवानगी मिळाली. 2021 साली रेटिनायटिस पिगमेंटोसाने, म्हणजे प्रकाशग्राही पेशी हळूहळू मरत जाण्याच्या आजाराने, दृष्टी गेलेल्या एका माणसाच्या गँग्लियन पेशी जनुकाच्या साह्याने प्रकाशाला संवेदनशील करण्यात आल्या, आणि विशेष चष्मा लावून त्याला टेबलावरची वही किंवा पेला कुठे आहे ते ओळखू येऊ लागले. तो चष्मा का लागतो हे पाहा. मधल्या पेशींना वगळून थेट गँग्लियन पेशींना प्रकाश द्यायचा, तर मधल्या पेशींनी केले असते ते काम बाहेर कोणीतरी करायला हवे. म्हणून चष्म्यातला संवेदक दृश्यातले बदल टिपतो आणि त्यांचे पिवळ्या-नारिंगी प्रकाशाच्या ठोक्यांत रूपांतर करून डोळ्यात सोडतो. दृष्टिपटल पुढे काय पाठवते, या 1953 सालच्या प्रश्नाचे उत्तर जितके नेमके मिळेल तितका तो चष्मा चांगला होईल.

आता सुरुवात कुठून करायची ते. आधी स्वतःच्या डोळ्यांनी. शहराच्या उजेडापासून दूर, अमावास्येच्या आसपास, अंधारात निदान अर्धा तास थांबा आणि मोबाइलचा पडदा उघडू नका. मग देवयानी दीर्घिका थेट बघा आणि थोडी बाजूला नजर ठेवून बघा. थेट बघताना ती मावळते, कारण नजरेच्या अगदी मध्यावर, फोव्हियात, दंडाकार पेशी नसतात. संध्याकाळी उजेड उतरत असताना जास्वंदीचे फूल आणि त्याची पाने यांच्याकडे पाहत राहा. फूल काळपटते आणि पाने तुलनेने उजळतात. शंक्वाकार पेशींकडून दंडाकार पेशींकडे कारभार जातानाची ही खूण पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवली. ही निरीक्षणे जुनी आहेत, पण तुम्ही मोजणार आहात ते काय आहे हे ती अंगी मुरवतात.

मग एक साधा मानसभौतिकीचा, म्हणजे प्रकाश किती आणि जाणवले किती हे ताडून पाहण्याचा, प्रयोग संगणकावर उभा करा. दोन खिडक्या, एकीत अतिशय मंद ठिपका, कोणत्या खिडकीत आहे ते ओळखायचे. मित्रमैत्रिणींना बसवा, शेकडो उत्तरे गोळा करा, तीव्रतेनुसार बरोबर उत्तरांचा आलेख काढा. पायथन पुरेसे आहे. पण पडद्यावरचा प्रकाश प्रकाशमापकाने मोजल्याशिवाय एकही आकडा खरा मानू नका. संगणकाला दिलेला आकडा दुप्पट केला म्हणून पडद्यावरचा प्रकाश दुप्पट होत नाही. यासोबत संकेत-शोध सिद्धांत (गोंगाटातून खरा संदेश ओळखण्याचे गणित) आणि प्वासाँ प्रक्रिया इतक्या पक्क्या करा की झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. जीवशास्त्र नंतर भरून काढता येते, संभाव्यता नंतर भरून काढणे फार जड जाते. माझ्याकडे आलेल्यांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

प्रत्यक्ष काम कसे असते तेही ऐकून ठेवा. उंदराचे दृष्टिपटल गडद अंधारात, इन्फ्रारेड प्रकाश दाखवणाऱ्या उपकरणातून बघत वेगळे करावे लागते. त्यासाठी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि प्राण्याबद्दल मनात आदर नसेल तर या कामाला हात लावू नये. नंतर ते पोषक द्रवात, 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडवर, कित्येक तास जिवंत राहते. बारीक इलेक्ट्रोडांच्या जाळीवर ते पसरले की एका वेळी शेकडो पेशींचे स्पाइक नोंदवता येतात. आम्ही ते ध्वनिक्षेपकावरही लावतो. प्रकाश दाखवला की खोलीत टक-टक सुरू होते, आणि अनुभवी कानाला आलेख न बघता पेशीचा प्रकार ओळखता येतो. काही दिवस पडदा काहीच बोलत नाही. द्रवाचे तापमान, आम्लता, कुठूनतरी शिरलेला उजेड, यांत कारण शोधत बसावे लागते. या शोधाचा कंटाळा येणार असेल तर सैद्धांतिक बाजूने या. तिथेही तितकेच काम आहे आणि नोंदींचे मोठे साठे खुले आहेत.

संस्थांबद्दल: बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) इथे चेताविज्ञानाचे चांगले वातावरण आहे. रुग्णांच्या डोळ्यांशी जोडलेले संशोधन करायचे असेल तर हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय. परदेशी जायचे तर दृष्टिपटलावर बासेल, सिएटल, ट्यूबिंगेन इथे भक्कम परंपरा आहेत. पण नाव पाहून जाऊ नका. मार्गदर्शकाला भेटाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. तुमच्या प्रयोगशाळेत पेशीचे मोजमाप आणि प्राण्याला किंवा माणसाला काय दिसते याचे मोजमाप, दोन्ही होते का? एकच होत असेल तर दुसरे करणाऱ्या कोणाबरोबर तुमचे नियमित काम चालते का? आणि तुमच्या मागच्या तीन विद्यार्थ्यांचे पहिले वर्ष कशात गेले? हा पहिल्या वर्षाचा प्रश्न त्या विद्यार्थ्यांनाही स्वतंत्रपणे विचारा. पहिले वर्ष उपकरण उभारण्यात आणि प्रकाश मोजण्यात गेले असे ते सांगत असतील, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नसेल, तर जागा चांगली आहे.